भैयाजींच्या कानाची डबी

वडशात मुकुट करून विकणारा एकच माणूस होता, इस्तारी. जातीने सुतार, पण नांगर-वखरांचं काम त्याने केव्हाच धाकट्या भावाच्या गळ्यात घातलं होतं. हिवाळ्यात झाडीपट्टीतल्या नाटक मंडळ्या वडशाला येऊन ठेपल्या की इस्तारीच्या अंगणात रावणाची दहा तोंडं उन्हात वाळत पडलेली असत आणि शेजारी भीमाच्या गदेवर कोंबडी बसलेली असे. सावरीचं हलकं लाकूड, पुठ्ठा, चिंचोक्याची खळ आणि रंगीत पन्नी, एवढ्यावर तो कोणालाही राजा करून दाखवी. "राजा चढवाले दोन दिवस लागतेत, उतराले एक मिनिट," असं तो मंडळीवाल्यांना सांगे. हे त्याने मालगुजारांविषयी म्हटलेलं नव्हतं. पण सात वर्षांपूर्वी सरकारने मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, बंद केल्यापासून वडशात ते वाक्य त्यांच्याच नावावर फिरत होतं.

वडशातले मालगुजार म्हणजे भैयाजी. सरकारी कागदात आता ते मालगुजार नव्हते, पण सरकारी कागद वाचणारे वडशात थोडे आणि भैयाजींना वाकून नमस्कार करायची सवय झालेले फार. चार गावं गेली होती. धानाची गिरणी, भलंमोठं घर, गावाबाहेरची बोडी, म्हणजे तळं, आणि मिशा एवढं राहिलं होतं. कान मात्र सरकारने नेले नव्हते. ते आपोआप गेले होते.

भैयाजी बहिरे झाले आहेत हे वडशात एकट्या भैयाजींनाच ठाऊक नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की हल्ली लोकांच्या छातीत दम राहिला नाही, सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. शेवटी १९५८ सालच्या दिवाळीला जावई आला, त्याने सासऱ्याला दात दाखवायच्या निमित्ताने नागपूरला नेलं आणि परत आणलं तेव्हा दात होते तसेच होते, पण छातीवर एक यंत्र लटकत होतं. चौथ्या दिवशी भैयाजींनी इस्तारीला बोलावणं धाडलं.

यंत्र साबणाच्या वडीएवढं होतं. रंग पिसं काढलेल्या कोंबडीसारखा. एका अंगाला बारीक जाळी होती, आवाज तिथून आत शिरायचा आणि वायरीतून कानातल्या बोंडलीपर्यंत जायचा. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की खिशात कोंबू नका, कपड्याची खसखस ऐकू येईल. वरून, छातीवर घाला.

"पाह्य," भैयाजी म्हणाले, "हे घालून मी बाजारात गेलो तं लोक काय म्हणतीन?"

"काय म्हणतीन जी?"

"म्हणतीन, भैयाजी बहिरे झाले."

इस्तारीने यंत्र हातात घेऊन उलटून पाहिलं. आठवड्यापूर्वी बाजाराच्या वाटेवर एका गाडीवानाने भैयाजींना मागून चार हाका मारल्या होत्या आणि अखेर खाली उतरून, दंडाला धरून त्यांना बैलांच्या वाटेतून बाजूला केलं होतं. तेव्हा तिथे निम्मा बाजार उभा होता.

"तू रावणाले दहा तोंडं करून देतं," भैयाजी म्हणाले, "मले एक डबी करून दे. आतमंधी यंत्र आहे असं वाटलं नाई पाह्यजे. कायतरी मानाची वस्तू वाटली पाह्यजे."

"कोणत्या मानाची जी?"

भैयाजींनी थोडा विचार केला. "ते तू पाह्य. मान माहाच आहे."

इस्तारीने यंत्र घरी नेलं. आजवर त्याने केलेलं सगळं काम लांबून बघायचं होतं. कंदिलाच्या उजेडात पन्नी चमकली की झालं, जवळून कोणी पाहत नसे. हे काम छातीवर राहणार होतं, हातभर अंतरावरून सगळे निरखणार होते. त्यामुळे त्याच्या अंगात आलं. त्याने जुन्या सागाचा तुकडा काढला, इतका वाळलेला की नखाने टोकलं तर टणटण वाजे. आतून कोरून पोकळ केला आणि यंत्र घासू नये म्हणून त्याला हिरव्या मखमलीचं अस्तर लावलं. ही मखमल दुर्योधनाच्या अंगरख्यातून उरलेली होती.

खरी अडचण जाळीची होती. भोकं पाडावी तर डबी चाळणीसारखी दिसणार, न पाडावी तर आवाज जाणार कुठून? दोन दिवस तो यंत्र समोर ठेवून नुसता बसला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको गोकुळा बोडीवरून धुणं घेऊन आली, तिच्या हातात कमळाचं बोंड होतं, पाकळ्या गळून गेल्यावर उरतं ते, भोकाभोकांचं. बिया खाऊन तिने ते त्याच्यापुढे टाकलं. "अजून बसूनच आहे का? त्या डबड्याले पाहून पाहून तुमालेच ऐकू येनं बंद झालं. मी तीन वेळा हाक मारली."

इस्तारीने ते बोंड उचललं आणि त्या दिवशी जेवायला उठला नाही.

डबी झाली तेव्हा तिच्यावर उमललेलं कमळ होतं आणि मधोमध तेच बोंड. बोंडात एकोणीस भोकं, प्रत्येक आरपार, यंत्राच्या जाळीवर नेमकी बसणारी. आवाज जायचा आणि भोक दिसायचं नाही, कमळच दिसायचं. इस्तारीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामाकडे पाहून कोणाला दाखवावं असं वाटण्याइतका आनंद अनुभवला. गोकुळाने डबी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "चांगली आहे. इतकी चांगली तुमी माह्या मिसळणाची डबी नाई केली."

भैयाजींना डबी पसंत पडली. गळ्यात काळा गोफ, छातीवर कमळ, कानात बोंडली आणि तिच्यावरून पुढे ओढलेली टोपी, असे ते बाजारात गेले. लोकांनी वळून वळून पाहिलं. कोणी म्हणालं, तावीज आहे. कोणी म्हणालं, सरकारने पदक दिलं. भैयाजींना दोन्ही ऐकू आलं आणि दोन्ही आवडलं.

पाचव्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. इस्तारी मनात कौतुकाची तयारी करून गेला. भैयाजी बंगईवर, म्हणजे घरातल्या झोपाळ्यावर, बसले होते, डबी मांडीवर होती आणि चेहरा आंबट झाला होता.

"हे भोकं बुजव," ते म्हणाले.

इस्तारीला वाटलं, आपणच नीट ऐकलं नाही. "बुजवू? मंग ऐकू कसं येईन जी?"

"ऐकू येऊन राह्यलं हेच तं," भैयाजी म्हणाले. मग आवाज उतरवून, म्हणजे शेजारच्या घरात जाईल इतपतच ठेवून, ते बोलू लागले. चार दिवसांत त्यांनी जे ऐकलं ते त्यांनी गेल्या दहा वर्षांत ऐकलं नव्हतं. गिरणीचा दिवाणजी त्यांना समोर 'मालक' म्हणून पाठ वळताच दुसरं काहीतरी म्हणत होता. ते दुसरं काय, हे त्यांनी इस्तारीला सांगितलं नाही. इंदिराबाई, म्हणजे भैयाजींच्या पत्नी, स्वयंपाकिणीला सांगत होत्या, की कालचाच भात फोडणी देऊन वाढ, ह्यायले चवही समजत नाई. घरातली दारं कुरकुरत होती, बंगई कण्हत होती, स्वतः भैयाजी जेवताना म्हशीसारखा आवाज करत होते.

"ते सारं चालून जाईन," भैयाजी म्हणाले. "पन मी काल आंघोळ झाल्यावर भजन म्हटलं."

 भैयाजींचं सकाळचं भजन सगळ्या आळीला ठाऊक होतं. त्या वेळी लोक विहिरीवरून पाणी घेऊन लगबगीने परतत.

"माहा आवाज असा आहे का रे इस्तारी?"

"यंत्रानं थोडा फरक पडत असन जी," इस्तारी म्हणाला.

"बुजव भोकं."

"मंग यंत्रच काहाडून ठेवा ना. डबी काऊन बिघडवता?"

भैयाजींनी त्याच्याकडे मूर्खाकडे पाहावं तसं पाहिलं. "दिवाणजीले मी पहिल्याच दिवशी त्याचेच शब्द तोंडावर म्हनून दाखवले, तवापासून तो नीट वागून राह्यला. त्याले वाटते, मले सारं ऐकू येते. यंत्र काहाडलं तं तो पुन्हा सुरू होईन. यंत्र राहीन. भोकं राहनार नाई. अन् ही गोष्ट तुह्यात अन् माह्यात."

इस्तारीने एकोणीस भोकांत लाख ओतली. प्रत्येक भोकावर काचेचा एक लाल मणी बसवला. बाजाराने म्हटलं, आधीपेक्षा डबी शोभिवंत झाली. इस्तारीला मात्र ती समोर दिसली की तोंडात कडू लाळ सुटे. गोकुळाने विचारलं, तर तो म्हणाला, "गिऱ्हाइकाची हौस."

भैयाजी रोज सकाळी नेमाने यंत्राचं बटण दाबत, नागपूरहून येणारे सेल नेमाने जाळत आणि काही न ऐकता गावभर फिरत. आणि त्यांचा मान खरोखर वाढला. त्यांच्यासमोर आता कोणी काही पुटपुटेना. दिवाणजी गिरणीच्या मागे जाऊनसुद्धा हळू बोले, कारण डबीत नागपूरचं यंत्र आहे हे एव्हाना गावाला कळलं होतं आणि ते किती लांबचं ओढतं याचा कोणालाच अंदाज नव्हता. कान धड होते तेव्हा ऐकू येत नव्हतं एवढं भैयाजींना आता ऐकू येतं, अशी ख्याती झाली.

त्यांची हौसही वाढली. मार्गशीर्षापासून संक्रांतीपर्यंत इस्तारीने त्यांना आणखी तीन डब्या करून दिल्या: एक वाघाच्या तोंडाची, एक आरसे लावलेली, एक शिसवीची, साधी, सुतकाला घालायची. भोकं एकीलाही नव्हती. आलापल्लीकडून बदलून आलेल्या एका रेंजरसाहेबांकडे मुंबईच्या पाहुण्याने आणलेला हातात मावणारा रेडिओ होता. वडशात तसा दुसरा नव्हता. साहेबांनी इस्तारीला बोलावून सांगितलं, याला भैयाजींसारखी डबी पाहिजे. इस्तारीने विचारलं, आवाजासाठी जाळी कुठे ठेवू? साहेब म्हणाले, भैयाजींच्या डबीला जाळी आहे का? नाही ना? मग ह्याला कशाला? इस्तारीने हुकुमाप्रमाणे चारी बाजूंनी बंद, कोरीव काम केलेली सुंदर डबी करून दिली. त्यातून बातम्या लागल्या की उंदीर पोत्यात शिरल्यासारखं ऐकू येई. साहेब तो रेडिओ मोठ्या अभिमानाने पाहुण्यांना दाखवत आणि सगळे गप्प बसून त्या डबीकडे पाहत.

हातात काम होतं, पाच माणसं नाव घेत होती, म्हणून इस्तारी तक्रार करत नव्हता. पण पुढ्यात नवा लाकडाचा तुकडा आला की त्याला आता आधी भोकं कुठे पाडायची नाहीत याचाच विचार करावा लागे.

संक्रांतीनंतर पंचायतीची सभा भैयाजींच्या गिरणीच्या आवारात भरली. भैयाजी मधल्या खुर्चीवर, छातीवर वाघाचं तोंड. इस्तारी आरशांच्या डबीचा निसटलेला आरसा बसवून परत द्यायला आला होता, तो खांबाशी उभा राहिला. एव्हाना भैयाजींनी सभेत बसायची एक पद्धत बसवली होती. ते बोलणाऱ्याचं तोंड बघत. तोंड रडवेलं असलं तर जीभ टाळ्याला लावून 'च्च' करत आणि 'पाहू' म्हणत. हसरं असलं तर मान हलवून 'अवश्य, अवश्य' म्हणत. आजवर हे दोन शब्द त्यांना पुरले होते.

ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातली सुगंधाबाई उठली. ती इस्तारीच्या घराला लागूनच राहत होती. तिचं तोंड देवाने हसरंच बनवलं होतं, ती प्रेतामागून चालली तरी लोकांना वाटे, ही बाई लग्नाला निघाली.

"भैयाजी," ती म्हणाली, "तुमच्या बोडीत आमच्या बापजाद्यायनं जाळं टाकलं. दोन वर्सं झाले, तुमच्या मानसायनं धुन्याची जागा सोडून साऱ्या पारीवर काटे टाकून ठेवले. आमी नदीवर जातो, तं तिथी पानी उतरलं. आमची पंधरा घरं आहेत. तुमाले मागनं एवढंच, का बोडी आमाले मोकळी करून द्या. देता का नाई, ते चार लोकायसमोर सांगून टाका."

 दोन वर्षांत हा विषय भैयाजींपुढे काढायची कोणाची छाती झाली नव्हती. दिवाणजी खुर्चीतून अर्धा उठला.

भैयाजींनी सुगंधाबाईच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं. "अवश्य," ते म्हणाले, "अवश्य."

सगळ्यांची तोंडं उघडीच राहिली. त्या उघड्या तोंडांचा भैयाजींना थोडा संशय आला असावा. त्यांची नजर फिरत फिरत खांबाशी आली. सभेत खरं ठाऊक असलेला एकच माणूस तिथे उभा होता. भैयाजींनी भुवया उंच केल्या. म्हणजे, ठीक आहे ना?

इस्तारीला त्या वेळी पुष्कळ काही करता आलं असतं. मान आडवी हलवता आली असती, पुढे होऊन कागदावर लिहून दाखवता आलं असतं. त्याला लाखेने भरलेली एकोणीस भोकं आठवली. सुगंधाबाईच्या घरातून महिनाभर माशाचा वास आला नव्हता, तेही आठवलं. यातलं आधी काय आठवलं, हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. त्याने हसून मान उभी हलवली.

"अवश्य," भैयाजी तिसऱ्यांदा म्हणाले, आणि या खेपेला मोठ्याने. टाळ्या पडल्या. पंचायतीच्या सचिवाने ते वहीत उतरवून घेतलं आणि भैयाजींनी टाळ्यांना वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैयाजी फिरायला बोडीकडे गेले, तर पारीवरचे, म्हणजे बांधावरचे, काटे बाजूला पडले होते आणि पाण्यात पाच जाळी पडली होती. तासाभरात इस्तारी त्यांच्या घरी उभा होता.

"तू मान हालवली," भैयाजी गरजले. "मी तुले पुसलं, अन् तू मान हालवली."

इस्तारीने काहीतरी उत्तर दिलं, पण ते ऐकणारं समोर कोणी नव्हतं. भैयाजी बोलतच राहिले. इस्तारीने आत्ताच्या आत्ता चौकात जाऊन सांगायचं, की डबी करताना त्याची चूक झाली, तिच्या दोषामुळे काल भैयाजींना एक शब्दही ऐकू आला नाही, म्हणून ते 'अवश्य' रद्द.

इस्तारीचे कान तापले. दोन महिने तो गिऱ्हाइकाच्या हौशीखातर वाईट काम करत आला होता, तेही चांगलं दिसेल असं. आता ते वाईट काम स्वतःच्या अकलेने केलं, असं त्याने गावाला सांगायचं होतं. त्याने हातांनी, बोटांनी, शेवटी ओरडून सांगितलं, की मी सांगीन, पण खरं ते सांगीन. भोकं कोणी बुजवायला लावली तेही सांगीन.

"काय म्हनते हा?" भैयाजींनी विचारलं.

इंदिराबाई मघापासून दाराशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, नवऱ्याच्या गळ्यातली डबी काढून घेतली आणि अडकित्त्याच्या टोकाने वाघाच्या उघड्या जबड्यात, जिथे इस्तारीने लाखेची लाल जीभ बसवली होती, तिथे खुपसलं. जीभ तुटून खाली पडली. दोन-चार वेळा अडकित्ता फिरवून त्यांनी मागचं पातळ लाकूडही फोडलं. इस्तारीने डोळे मिटून घेतले. मग डबी तोंडासमोर धरून त्या सावकाश बोलल्या.

"आता येते का ऐकू?"

भैयाजी दचकले. म्हणजे येत होतं.

"तुमाले भोकं बुजवून किती दिस झाले, ते मले माहीत आहे. मी परवा तुमाले सांगतलं, का तुमचा जावई मेला. तुमी म्हनले, अवश्य." त्या जरा थांबल्या. "जावई बरा आहे. आता बोडीचं ऐका. मालगुजारी गेली त्या सालीच बोडी सरकारात जमा झाली. तो कागद तुमीच माह्या संदुकीत ठेवला, कोनी पाहू नये म्हनून. तुमी काल जे देऊन टाकलं ते तुमचं नव्हतंच. ते परत मागाले चौकात गेले, तं तो कागद कोनीतरी काहाडीन. न गेले, तं तुमी दानशूर."

भैयाजी बंगईवर टेकले. बंगई कण्हत होती, आणि ती कण्हते हे त्यांना ऐकू येत होतं.

"लोक काय म्हनून राह्यले?" अखेर त्यांनी विचारलं.

"म्हनून राह्यले, भैयाजीसारखा मानूस नाई," इंदिराबाई म्हणाल्या.

"असं म्हनतेत?"

"सध्या तं म्हनतेत."

सव्वीस जानेवारीला पंचायतीने भैयाजींना हार घातला. पंधरा ढिवर कुटुंबांना त्यांनी बोडी दिली, यावर रेंजरसाहेब बोलले, सचिव बोलले, एक गुरुजी बोलले. भैयाजींच्या छातीवर कमळाची डबी होती, भोकं इंदिराबाईंनी दाभणाने मोकळी केलेली, आणि त्यांनी सगळी भाषणं शब्दन् शब्द ऐकली. गुरुजींचं भाषण त्यांना जरा आखूड वाटलं. बोडी गेल्यापासून दिवाणजी पुन्हा नीट वागेनासा झाला होता, पण आता भैयाजींना तो काय म्हणतो ते कळत असे आणि त्यावर ते त्याला उत्तर देत. त्यामुळे गिरणीत पूर्वीपेक्षा बोलचाल वाढली. भजन त्यांनी सोडलं नाही. त्याआधी फक्त ते बोंडली काढून ठेवू लागले.

इस्तारीला त्यांनी तीन आठवडे बोलावलं नाही, आणि नंतर बोलावलं ते वाघाचं तोंड दुरुस्त करायला. त्या दिवसाचा विषय कोणीच काढला नाही. रेंजरसाहेबांची डबी मात्र तशीच बंद राहिली. इस्तारीने एकदा जाळी पाडून देऊ का म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, नको, छान दिसते.

नाटकांचा हंगाम सरत आला होता. एक मंडळी दुसऱ्याच दिवशी गोंडपिपरीला निघणार होती आणि तिला नवी गदा पाहिजे होती, म्हणून इस्तारी दिवसभर पन्नी चिकटवत बसला होता. दुपारी सुगंधाबाई कुंपणाशी आली आणि पळसाच्या पानात गुंडाळलेले चार मासे गोकुळाच्या हातात देऊन गेली. काही बोलली नाही. तोंड हसरं होतं, पण ते तर नेहमीच असे.

गोकुळाने मासे साफ केले, चुलीवर कालवण ठेवलं आणि मग बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली.

"सुगंधा म्हनत होती, का त्या दिवशी सभेत भैयाजीनं तुमच्याकडं पाह्यलं. अन् तुमी मान हालवली."

इस्तारी पन्नीची सुरकुती अंगठ्याने दाबत राहिला. "हालवली असन."

"त्याले ऐकू येत नव्हतं, ते तुमाले माहीत होतं?"

"होतं."

गोकुळाने त्याच्या हातातली पन्नी काढून बाजूला ठेवली. मग ती उठली. "हात धुवा," ती म्हणाली. "त्या खळीच्या हातानं जेवाले बसू नका."